मामांची ड्युटी

(नभोवाणीवरील भाषण)



आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते प्रसिद्ध गृहस्थ नव्हते. ते माझे मामा. वसईतल्या नंदाखालचे, सामवेदी ख्रिस्ती कुटुंबातले, आणि बॉम्बे हायवर तेलाच्या रिगवर उमेदीची सगळी वर्षं राबलेले. त्यांची आठवण निघाली की गावात दोन गोष्टी हमखास निघतात. माणूस फार देवभक्त होता, ही एक. आणि कामात फार काटेकोर होता, ही दुसरी. या दोन्हींचं मूळ एकच होतं असं मला त्यांना इतकी वर्षं जवळून पाहिल्यावर वाटतं, आणि तेच आज सांगायचं आहे.

वसईच्या पट्ट्यात केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या आहेत, आणि गावागावांत पोर्तुगीज काळापासूनची चर्चेस आहेत. आमच्या घरात कादोडी बोलतात, चर्चमधली मिस्सा मराठीत असते, आणि संध्याकाळी दिवेलागणीला घरच्या आल्तारासमोर जपमाळ म्हटल्याशिवाय ताटं वाढली जात नाहीत. मामा अशा घरात वाढले. वाडीवर सगळ्या भावांचं भागणार नाही हे दिसत होतं, म्हणून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते रिगवर लागले.

बॉम्बे हाय मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर आहे. तिथे समुद्राच्या तळाखाली तेल आहे हे 1974 च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या जपानमध्ये बांधलेल्या रिगने सिद्ध केलं. 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. पुढे समुद्रतळावरून उरणपर्यंत नळ टाकले गेले. उरणला स्वयंपाकाचा गॅस वेगळा होऊ लागला, अलिबागजवळ थळला त्याच वायूवर युरिया तयार होऊ लागला. हा इतिहास सांगताना आपण शास्त्रज्ञांची, अभियंत्यांची, मंत्र्यांची नावं घेतो. ती घ्यायलाच हवीत. पण पाइप हाताने कुणी धरला, हेही विचारायला हवं.

मामा आधी रिगमन होते, मग टॉपमन झाले. टॉपमन म्हणजे काय ते सांगतो, कारण त्याशिवाय हा माणूस कळणार नाही. विहीर खोदणाऱ्या पाइपाच्या टोकाला दातेरी बिट असतं. ते बोथट झालं की बदलावं लागतं, आणि त्यासाठी विहिरीतला सगळा पाइप वर काढावा लागतो. तीन-तीन पाइप एकत्र, म्हणजे साधारण 27 मीटरचा तुकडा, उचलायचा, खालच्या जोडावर मोठे पाने लावून तो सोडवायचा, आणि बाजूला उभा करून ठेवायचा. वर, मनोऱ्यावर, एक अरुंद फळी असते. तिला मंकी बोर्ड म्हणतात. कमरेला पट्टा बांधून टॉपमन तिथे उभा असतो. पाइपाचं वरचं टोक त्याच्यासमोर आलं की झुकून ते कवेत घ्यायचं, कडी सोडवायची आणि लोखंडी दात्यांमधल्या खाचेत नेऊन टेकवायचं. विहीर दोन हजार मीटर खोल असेल तर हे सत्तरहून अधिक वेळा करायचं. मग नवं बिट लावून तेवढ्याच वेळा उलट. खाली समुद्र, अंगावर वारा, पावसाळ्यात सगळं निसरडं. शिफ्ट बारा तासांची.

पाइप हलत नसेल तेव्हा टॉपमन मडकडे बघतो. मड म्हणजे बेंटोनाइट आणि बराइट घालून केलेला जड चिखल. तो पाइपातून खाली जातो आणि बाहेरून वर येतो. त्याच्या वजनानेच खालचा वायू दबून राहतो. आत पाठवला त्यापेक्षा जास्त मड परत येऊ लागला, तर खालून वायू जोर करतो आहे असं समजायचं आणि तोंडाने बोलायच्या आत हात चालवायचे. मामा मडचं वजन ठरलेल्या वेळी तर करायचेच, आणि न ठरलेल्या वेळीही करायचे. ‘आताच तर केलं,’ असं कुणी म्हटलं तर म्हणायचे, ‘तेव्हाचं तेव्हा होतं.’

आमच्याकडे पुरुषांच्या गळ्यात क्रूस असतो, बोटात लग्नाची अंगठी असते. मामा ड्युटीवर निघताना दोन्ही काढून आल्तारावर ठेवायचे. फिरत्या यंत्राजवळ अंगावर लोंबणारं, अडकणारं काहीही चालत नाही. अंगठी अडकली तर बोटाचं मांस निघून येतं. मामीच्या म्हाताऱ्या आत्याला हे पटत नसे. समुद्रावर जाताना क्रूस काढून ठेवणारा कसला ख्रिस्ती, असं ती तोंडावर म्हणायची. मामा तिला कधी उलटून बोलले नाहीत, आणि क्रूसही कधी घालून गेले नाहीत. जपमाळ खिशातही नसायची. बोटांच्या पेरांवर ते दहा-दहा ‘नमो मरिया’ मोजायचे, आणि तेही शिफ्ट संपल्यावर. कामाच्या वेळी प्रार्थना करता का, असं मी लहानपणी विचारलं होतं. ‘कामाच्या वेळी कामच करायचं. देवाला ते कळतं,’ म्हणाले.

चौदा दिवस समुद्रावर, चौदा दिवस घरी, असं हे आयुष्य होतं. पहाटेच्या एसटीने विरार, तिथून लोकलने पार्ले, मग जुहूचा हेलिबेस, तिथून हेलिकॉप्टर. सामानात खिशात मावणारा बायबलचा नवा करार आणि सुकेळ्यांची पुडी असायची. पुडी सगळ्या शिफ्टसाठी असे. रिगवर फादर नाहीत, मिस्सा नाही. रविवार तिथे इतर दिवसांसारखाच उजाडतो आणि यंत्र थांबत नाही. त्या दिवशीची वाचनं मामा बंकवर बसून स्वतःच वाचत.

आणि इकडे मामी. नवऱ्याच्या भक्तीचं कौतुक होतं तेव्हा मला मामींची आठवण आधी येते. वाडीचा पंप जळला तो मामा समुद्रावर असताना. धाकट्याला ताप चढून फिट आली तीही तेव्हाच. सासऱ्यांची मयत झाली तेव्हा मामा पोचेपर्यंत माती झाली होती. सुरुवातीच्या काळात घरी फोनही नव्हता. चार मुलं, केळीचे लोंगर, बाजार, शाळा, सगळं त्या बाईने ओढलं. मामांना हे पुरतं ठाऊक होतं. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे वाडीला पाणी सोडायला तेच जायचे, आणि मामीने त्या चौदा दिवसांत मोटरला हात लावायचा नाही असा नियम होता. गावातल्या लोकांना हे जरा विचित्र वाटे, कारण भरपूर पगाराचा माणूस रजेवर आराम करेल अशीच अपेक्षा असते.

नाताळ दर वर्षी घरी मिळायचा नाही. मग अदलाबदल व्हायची. रत्नागिरीकडचा एखादा सोबती नाताळात मामांची ड्युटी करायचा आणि मामा गणपतीत त्याची करायचे. विश्वकर्मा पूजेला रिगवर यंत्रांना हार घातले जात, तेव्हा प्रसादाचं ताट फिरवायला मामा पुढे असत.

नाताळच्या आधी चर्चवर मोठा तारा चढवायचा असतो. तरुण मुलं शिडी लावून भराभर वर जातात. एकदा मामा सुट्टीवर होते. त्यांनी वर गेलेल्या दोघांना खाली बोलावलं, शिडीचा दोर हातात घेऊन बोटांनी इंच-इंच चाचपला, एका जागी पीळ सुटलेला होता तो दाखवला, आणि तो दोर कापूनच टाकला. नुसता बाजूला ठेवला असता तर पुढच्या वर्षी कुणीतरी परत वापरला असता. रिगवरची तारही तुटायची वाट बघत नाहीत. किती वजन किती अंतर उचललं याचा हिशेब ठेवतात आणि वेळ आली की धडधाकट दिसणारी तारसुद्धा कापून पुढे सरकवतात. मामांनी मुलांना कमरेला नवा दोर बांधायला लावला. तारा उशिरा लागला. पोरं वैतागली होती, मीही त्यांच्यात होतो.

27 जुलै 2005. आदल्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडलेला. वसईत वीज नाही, गाड्या बंद. मामा घरी होते. बॅटरीच्या रेडिओवर बातमी ऐकली की बॉम्बे हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मला जहाज धडकलं, वायूने पेट घेतला. तो अख्खा प्लॅटफॉर्म काही तासांत जळून समुद्रात गेला. साडेतीनशेहून अधिक माणसं वाचवली गेली, 22 गेली. मामांची रिग तिथे नव्हती, पण गावाला बॉम्बे हाय म्हणजे एकच जागा. लोक भेटायला आले, म्हणाले, देवाने तुम्हाला वाचवलं, आभाराची मिस्सा करा. मामा म्हणाले, ‘मी तर घरात बसलो होतो. मला देवाने वाचवलं म्हणू, तर त्या बाविसांच्या बायकांना काय सांगू?’ आभाराची मिस्सा त्यांनी केली नाही. गेलेल्या बाविसांसाठी केली. त्यात ख्रिस्ती किती, हे त्यांनी विचारलं नाही. नंतर दर वर्षी जुलैत करत राहिले.

निवृत्तीनंतर, 17 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं. मुंबईजवळच्या समुद्रात तेलाच्या कामावरच्या कामगारांनी भरलेला बार्ज बुडाला, एक टगही बुडाली. 80 हून अधिक माणसं गेली, बरीचशी दूरदूरच्या गावांतून कंत्राटावर आलेली. त्या आठवड्यात घरच्या जपमाळेनंतर शेजारचे एक आजोबा म्हणाले, ‘देवाची इच्छा.’ मामांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ‘वादळाची सूचना किती दिवस आधी आली होती! माणसांनी करायचं ते माणसांनी केलं नाही, त्याचं खापर देवावर फोडू नका. ते पाप आहे,’ म्हणाले. आजोबा त्यांच्याहून वयाने मोठे. मामांनी नंतर त्यांच्या घरी जाऊन आवाज चढल्याबद्दल माफी मागितली. जे बोलले होते, ते मात्र मागे घेतलं नाही.

श्रद्धा असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. अडचण आली की हात जोडून बाजूला होणारी त्यांत पुष्कळ असतात. मामा हात जोडत ते दिवसाच्या शेवटी, हातांनी करायचं सगळं करून झाल्यावर. त्यांच्या प्रार्थनेविषयी मला इतका आदर आहे तो यामुळेच.

त्या वादळाच्या पुढच्या वर्षी मामा गेले. झोपेत गेले, घरी, चौघं मुलं आणि मामी जवळ असताना. अंत्यविधीला रिगवरची जुनी मंडळी आली होती. पंजाबातून त्यांचे एक सरदारजी ड्रिलर आले होते, ते मराठी मिस्साभर उभेच होते. प्रवचनात फादरांनी मामांच्या भक्तीविषयी, चर्चच्या विन्सेंट दि पॉल सोसायटीतल्या त्यांच्या सेवेविषयी सांगितलं. कबरस्तानातून बाहेर पडताना ते सरदारजी मामींपाशी थांबले आणि हिंदीत म्हणाले, ‘भाभी, अठरा वर्षं आम्ही एका शिफ्टमध्ये होतो. अठरा वर्षांत आमच्या शिफ्टमधल्या कुणाचं बोटसुद्धा गेलं नाही.’