घराच्या छपरावरची वीज

(पेठ येथे पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात शिक्षक बोलायला उभा राहिला की तो निकालाविषयी किंवा शिस्तीविषयी बोलणार, असा आपला अनुभव आहे. आज मी त्यातले काहीच बोलणार नाही. मी छपरावरच्या सौर पॅनेलविषयी आणि त्याच्या वायरींविषयी बोलणार आहे. मी बी.ए., बी.एड.; वर्गात शिकवतो मराठी आणि इतिहास. तेव्हा हा विषय माझा नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु तो माझ्या दारात चालत आला आणि त्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्यावाचून मला पुढे बोलता येणार नाही.

आमचे घर गावठाणात नाही, शेतात आहे. सातगाव पठारावरची आपली वस्ती कशी विखुरलेली असते, हे आपण जाणताच. बटाट्याच्या वावरात एकटे घर, आणि विजेचा खांब लांब. म्हणून मी दोन पॅनेल, दोन बॅटऱ्या, एक चार्ज कंट्रोलर आणि एक इन्व्हर्टर विकत आणला. जोडणी करणारा माणूस आठ दिवसांनी येणार होता. मला तेवढा धीर नव्हता. नववीतला एक विद्यार्थी हौसेने मदतीला आला. त्याला मी सांगितले, "अरे, बारा व्होल्टची बॅटरी आहे, बारा व्होल्टने काही होत नाही." दोनच मिनिटांत त्याच्या हातातला लोखंडी पाना निसटला आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांवर आडवा पडला. डोळे दिपवणारी ठिणगी उडाली, पाना जागीच चिकटला आणि मुलाची दोन बोटे भाजली.

संध्याकाळी मी खाली मान घालून त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील रागावले नाहीत. ते म्हणाले, "सर, बोटं बरी होतील. पण पोरगा आता विजेला भिऊन लांब पळेल. तेवढं होऊ देऊ नका." त्या वाक्यासाठी मी आज आपल्यापुढे उभा आहे. नंतर एका जुन्या जाणत्या वायरमनकडे मी आणि तो मुलगा कितीतरी रविवार शिकायला बसलो. जे शिकलो त्यातले कामापुरते आपणास सांगतो.

प्रथम या विजेची थोडी हकिगत. प्रकाश पडला असता काही पदार्थांतून वीज निर्माण होते, हे बेकेरेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३९ साली पाहिले. पण उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौर घट १९५४ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत तयार झाला. तो पडलेल्या प्रकाशातला शेकडा सहा इतकाच भाग विजेत बदलत असे. १९५८ साली असे घट व्हॅनगार्ड या उपग्रहावर बसवून आकाशात गेले. आज बाजारातले चांगले पॅनेल शेकडा वीसहून अधिक प्रकाशाची वीज करते. उपग्रहावरची वस्तू आपल्या पत्र्याच्या छपरावर आली, ती अशी.

आता हिशेब. माझ्या विद्यार्थ्यांनो, येथे गणित लागते, आणि तेही पाचवीचेच. घरात नऊ वॉटचे चार दिवे पाच तास चालले तर १८० युनिट होतील असे समजू नका; ते १८० वॉट-तास झाले. हजार वॉट-तासांचे एक युनिट होते. तीस वॉटचा पंखा आठ तास, म्हणजे २४०. चाळीस वॉटचा टी.व्ही. तीन तास, म्हणजे १२०. मोबाईलचे चाळीस धरा. बेरीज ५८० वॉट-तास. वायर, बॅटरी आणि इन्व्हर्टर मिळून बरीच वीज खातात, म्हणून या आकड्याला ०.७ ने भागावे. सुमारे ८३० येतात. आपल्याकडे पूर्ण जोराचे ऊन दिवसाला सरासरी चार तास धरले, तरी २१० वॉटचे पॅनेल लागेल. पावसाळ्यात ढग असतात, म्हणून मी १६५ वॉटची दोन घेतली. रमजानमध्ये सहरीच्या वेळी पहाटे दिवे लागतात, पाहुणे येतात. तो जादा वापरही आधीच धरून ठेवावा. कारण बॅटरी दगा देते ती पहाटेच, संध्याकाळी नव्हे.

पॅनेल कोणत्या दिशेला लावायचे? आपले पेठ सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, आणि २१ डिसेंबरला दुपारी तो दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर राहतो. म्हणून पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि उतार १९ अंशांचा ठेवावा. कोन मोजायचे साधन नसेल तर पॅनेलच्या एक फूट लांबीला चार इंच उचल द्यावी. आणि सावली टाळावी. पॅनेलमधले घट मिरवणुकीतल्या माणसांसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एक अडला की मागचे सगळे खोळंबतात. चिंचेच्या एका फांदीची किंवा पाण्याच्या टाकीची सावली थोडीच वाटते, पण वीज मात्र पुष्कळ खाते.

आता मुख्य गोष्ट, जोडणी. दोन पॅनेल दोन प्रकारे जोडता येतात. एकाचा धन दुसऱ्याच्या ऋणाला जोडला तर व्होल्टची बेरीज होते आणि अँपिअर तेवढेच राहतात. ही एकसर जोडणी. धनाला धन आणि ऋणाला ऋण जोडले तर अँपिअरची बेरीज होते, व्होल्ट तेवढेच राहतात. ही समांतर जोडणी. विहिरीवरच्या पाइपलाइनचा विचार करा. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब, अँपिअर म्हणजे वाहणारे पाणी. माझे एक पॅनेल १८ व्होल्टला ९ अँपिअर देते. छपरापासून बॅटरीपर्यंत दहा मीटर अंतर आणि चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल, तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ०.१ ओहम होतो. समांतर जोडणीत १८ अँपिअर वाहतात. त्यांचा वर्ग करून रोधाने गुणले तर ३२ वॉट वायरीतच उष्णता होऊन जातात. एकसर जोडणीत ९ अँपिअरच वाहतात आणि फक्त ८ वॉट जातात. प्रवाह निम्मा केला की नुकसान चौथाई होते. म्हणून मी पॅनेल एकसर जोडून, बारा व्होल्टच्या ७५ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्याही एकसर केल्या आणि चोवीस व्होल्टची व्यवस्था ठेवली. अशा बॅटऱ्यांत १८०० वॉट-तास साठतात. शिशाची बॅटरी टिकवायची तर निम्मेच वापरावेत.

एक सावधगिरी येथेच सांगतो. पॅनेल मोकळे असताना त्याचा दाब वाढतो. माझ्या दोन्हींचा मिळून ४४ व्होल्ट. थंडीत तो आणखी वाढतो. म्हणून कंट्रोलर पन्नासच्या वर व्होल्ट सोसणारा घ्यावा. तीनशेतीस वॉट भागिले चोवीस, म्हणजे सुमारे चौदा अँपिअर. तेव्हा वीस अँपिअरचा पुरतो.

जोडणीचा क्रम पाठ करावा. आधी बॅटरी कंट्रोलरला जोडावी, म्हणजे किती व्होल्टची व्यवस्था आहे हे त्याला कळते. मग पॅनेल जोडावे. काढताना उलट: आधी पॅनेल, मग बॅटरी. इन्व्हर्टर कंट्रोलरच्या छोट्या टोकांना नव्हे, तर थेट बॅटरीला, जाड वायरीने जोडावा. बॅटरीच्या धन टोकाला लागूनच फ्यूज असावा. काम करताना पॅनेलवर जाड चादर टाकावी, कारण पॅनेलला बटण नसते; उजेड आहे तोवर ते वीज देतच राहते. हातातली अंगठी, बांगडी, घड्याळ काढावे, पान्याच्या दांड्याला रबरी टेप गुंडाळावी, आणि ज्या टोकावर काम नाही ते झाकून ठेवावे. एवढे मला त्या दिवशी ठाऊक असते, तर दोन बोटे वाचली असती. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे. पण बॅटरीची दोन टोके धातूने जोडली की शेकडो अँपिअर धावतात, आणि धावणारे अँपिअर जाळतात.

वर्गात हे सांगताना आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, घरातलाच एम.सी.बी. पॅनेलच्या वायरीला लावला तर?" मला उत्तर आले नाही. रविवारी वायरमनला विचारले. महावितरणचा प्रवाह प्रत्यावर्ती आहे. तो सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. बटण तुटताना पडलेली ठिणगी त्या शून्याला विझते. पॅनेलचा आणि बॅटरीचा प्रवाह दिष्ट, म्हणजे डी.सी. आहे; तो कधी शून्यावर येत नाही. त्यामुळे ठिणगीची ज्योत होऊन पेटतच राहू शकते. म्हणून तेथे डी.सी.चाच एम.सी.बी. हवा, आणि पॅनेलचे जोड चालू प्रवाहात ओढून काढू नयेत. मुलीचा प्रश्न किती मोलाचा होता पाहा! मुली असे प्रश्न विचारू लागल्या की पालकांनी त्यांना "तुला काय करायचंय?" असे म्हणू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

थोडे आणखी. छपरावर घरातली साधी वायर वापरू नये; उन्हाने तिचे आवरण तडकते. सौर कामासाठी दुहेरी आवरणाची वायर मिळते, तीच घ्यावी. पॅनेलच्या चौकटीला अर्थिंग द्यावे. वळवाच्या दिवसांत पठारावर विजा कशा कोसळतात, हे मी सांगायला नको. डी.सी.मध्ये काळी वायर ऋण असते आणि घरातल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी न्यूट्रल असते. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून चिठ्ठ्या लावाव्यात. शिशाच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. ती हवेशीर जागी ठेवावी, झोपण्याच्या खोलीत किंवा चुलीजवळ नव्हे. पाणी डिस्टिल्डच घालावे. जुनी बॅटरी उकिरड्यावर न टाकता दुकानदाराला परत द्यावी. त्यातले शिसे लेकराबाळांना घातक आहे. इन्व्हर्टरच्या पुढची वीज मात्र २३० व्होल्टची असते. ती घरच्या विजेइतकीच जीवघेणी आहे, आणि ते काम परवानाधारक वायरमननेच करावे.

आता पालकांच्या खिशाचा प्रश्न. ज्यांच्या घरी महावितरणची जोडणी आहे, त्यांनी माझे अनुकरण करू नये. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०२४ साली सूर्यघर योजना आणली. तिच्यात दोन किलोवॉटला साठ हजार आणि तीन किलोवॉट किंवा त्यापुढे अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान ठरले. पण ते ग्रिडला जोडलेल्या पॅनेलसाठी आहे, माझ्यासारख्या वेगळ्या व्यवस्थेसाठी नाही. शिवाय बॅटरी नसलेला ग्रिडचा सौर संच लाइट गेली की स्वतःही बंद पडतो. अनेकांना वाटते, यंत्र बिघडले. तसे नसते. खांबावर लाइनमन काम करीत असताना आपल्या छपरावरची वीज तारेत उलटी जाऊन त्याचा जीव जाऊ नये, म्हणून ती योजना असते. त्याच कारणासाठी, घरात दोन्ही विजा असतील तर मध्ये चेंजओव्हर स्विच बसविल्याशिवाय इन्व्हर्टर घरच्या वायरिंगला जोडू नये. आपल्या घरातला उजेड दुसऱ्याच्या घरातला दिवा विझवून मिळवायचा नसतो.

बंधू-भगिनींनो, जुन्नर-आंबेगावात उसात बिबट्या आणि रात्रीचे पाणी, हे दुखणे आपण सारे भोगतो. दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्याची मागणी जुनी आहे. २०१७ साली राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली ती त्यासाठीच. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी हे राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून २०२४ साली पुढे आले. म्हणजे हे काम वाढणारे आहे. छपरे आपली, ऊन आपले. मग जोडणारे हात बाहेरगावचेच का असावेत? आपल्यात एक समज आहे की मुलगा पदवीधर झाला तर शिकला, आणि आय.टी.आय.ला गेला तर शिक्षण संपले. मी पदवीधर आहे. त्या दिवशी बॅटरीपुढे माझी पदवी मुकी होती, आणि चौथी शिकलेला वायरमन माझा गुरू झाला. पदवीला मी कमी लेखत नाही. पण पुस्तक आणि पाना एकाच हातात असावेत, असे मला आता वाटते.

तो मुलगा विजेला भिऊन पळाला नाही. दहावी झाल्यावर त्याने आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियनच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला नाव घातले. मागच्या पावसाळ्यात आमच्या बॅटरीची टोके पांढरी पडली, तेव्हा मी पाना घेऊन निघालो. तो म्हणाला, "सर, थांबा. आधी अंगठी काढा." मी निमूटपणे अंगठी काढून खिशात ठेवली. शिक्षकाला याहून मोठे बक्षीस कोणते असू शकते?