केस गळतो की तुटतो?

वेणी घालताना फणीत केसांचा गुंता आला, की आयाबायांचा जीव खालीवर होतो. घाबरण्याआधी त्यातला एक केस उजेडात धरून पाहा.

टोकाला बारीकशी पांढरी गाठ दिसली, तर तो मुळातून गळाला. डोक्यावर लाखभर केस असतात. त्यातले रोज 50 ते 100 गळणे म्हणजे पिकले पान गळणे. जागी नवा उगवतो. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी जास्त गळतात, पण पुढे ते बहुधा आपोआप कमी होते. त्यात नजर नाही की करणी नाही. त्यापायी भगताकडे पैसे घालवू नका.

गाठ नाही, केस आखूड आहे, तर तो मधेच तुटला. आपल्या पाथर्डी-शेवगावकडच्या किती बाया ऊसतोडीला जातात! डोक्यावर मोळी, खाली चुंबळ. घासून केस तुटणारच. चुंबळीखाली मऊ सुती फडके घ्या, वेणी सैल घाला, ओले केस ओढून विंचरू नका.

मात्र पुंजकेच्या पुंजके हातात येऊ लागले, टाळूवर चट्टे पडले, तर सरळ दवाखाना गाठा. जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस असेच अचानक गेले. तेव्हा पाण्याचे आणि रक्ताचे नमुने तपासावे लागले.

आणि गुरुजी, बाई, असे दोन केस वर्गात मुलांना दाखवाच. पोर घरी जाऊन आईला सांगेल, तिचा घोर तेवढाच हलका होईल.