इंजिनाला नाव होते, माणसाला नव्हते
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या वस्तीतल्या कित्येकांचे आजे-पणजे रेल्वेच्या गँगमध्ये राबले. म्हणून आज रेल्वेचाच विषय घेतो, पण अमेरिकेतल्या. तिथला आडवा देश जोडणारा पहिला लोहमार्ग कोणी आणि कसा बांधला, ते आपण समजून घेतले पाहिजे.

१८६२ साली अध्यक्ष लिंकन यांनी पॅसिफिक रेल्वे कायद्यावर सही केली. पूर्वेकडून युनियन पॅसिफिक आणि पश्चिमेकडून, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटोहून, सेंट्रल पॅसिफिक अशा दोन कंपन्यांनी रूळ टाकत एकमेकींकडे यायचे. सरकार मैलामागे कर्जरोखे देणार, सपाटीला १६ हजार डॉलरचे, डोंगराला ४८ हजारांचे. सिएरा नेवाडाचा डोंगर सेंट्रल पॅसिफिकच्या वाट्याला आला.

अडचणी दोन, सामान आणि माणसं. रूळ, इंजिने पूर्व किनाऱ्यावरून जहाजाने दक्षिण अमेरिकेला वळसा घालून यायची. आज लागणारा रूळ कित्येक महिने आधी मागवावा लागे. माणसांचे त्याहून अवघड. गोरा मजूर कामावर लागायचा, डोंगरापर्यंत पोचायचा आणि तिथून नेवाडातल्या चांदीच्या खाणींकडे पळायचा.

तेव्हा १८६५ मध्ये बांधकामाचे प्रमुख चार्ल्स क्रॉकर यांनी चिनी मजूर मोठ्या प्रमाणावर घ्यायचे ठरवले. देखरेखीवरचे जेम्स स्ट्रोब्रिज तयार नव्हते. ही किडकिडीत माणसं काय डोंगर फोडणार! शेवटी पन्नास जण चाचणीला घेतले. दोन वर्षांत आकडा दहा हजारांच्या घरात गेला. बहुतेक दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातले शेतकरी.

आता त्यांची व्यवस्था बघा. बारा ते वीस जणांची एक टोळी, तिचा एक मुकादम, एक स्वयंपाकी. तांदूळ, सुकी मासळी, भाजी टोळी आपल्या पगारातून घेई. स्वयंपाकी चहा उकळून पिंपातून कामावर पोचवी, संध्याकाळी आंघोळीला गरम पाणी ठेवी. गोरे मजूर ओढ्याचे पाणी पिऊन हगवणीने आडवे व्हायचे, हे उकळलेले पाणी पिऊन उभे राहायचे. ही व्यवस्था कंपनीने नव्हे, मजुरांनी लावली. त्यांच्यावरचा फोरमन मात्र गोराच. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला, जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत, बाबासाहेबांनी हेच दुखणे मांडले होते. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि जन्मभर गँगमनच राहतो. पोर्टरची जागाही मिळत नाही, कारण पोर्टर स्टेशनमास्तरला घरकामाला हवा असतो, आणि अस्पृश्याला घरात कसा घेणार?

शिखरावरचा सहा नंबरचा बोगदा १,६५९ फूट, निव्वळ ग्रॅनाइट. दोन्ही तोंडांकडून खोदाई सुरू केली, शिवाय मधोमध विहीर पाडून तिच्या तळातून दोन्हीकडे. म्हणजे एका वेळी चार तोंडे. विहिरीतला दगड वर ओढायला एक जुने इंजिन बैल जुंपून डोंगरावर चढवले. सुरुंगाच्या दारूने एका तोंडावर दिवसाला जेमतेम सव्वा फूट काम सरके. पुढे जागेवरच नायट्रोग्लिसरीन तयार केले, तेव्हा पावणेदोन फुटांवर गेले. १८६६-६७ च्या हिवाळ्यात माणसं बर्फाखाली भुयारे करून राहिली. कडे कोसळून टोळ्या गाडल्या गेल्या, प्रेते बर्फ वितळल्यावर सापडली. मेलेल्यांची मोजदाद कंपनीने ठेवली नाही.

२५ जून १८६७ ला सुमारे तीन हजार चिनी मजुरांनी एकाच वेळी हत्यारे खाली ठेवली. मागणी महिना ४० डॉलरची, उघड्यावर दहा तास आणि बोगद्यात आठच तास कामाची. कंपनी ३५ च्या वर जाईना. गोऱ्यांना पगाराशिवाय जेवणखाण मिळे, यांना नाही. कुठे दंगा नाही, मारामारी नाही. क्रॉकर यांनी रसद तोडली. त्या डोंगरात दुसरे दुकान कुठले? आठवडाभरात संप मोडला. मुकादम आपला, स्वयंपाकी आपला, चहासुद्धा आपला. पण तांदळाची गाडी कंपनीची होती, हे माझ्या मते या सगळ्या हकिकतीतले मुख्य.

कंपनीच्या इंजिनांना नावे असत. पहिले 'गव्हर्नर स्टॅनफर्ड', ते सॅक्रॅमेंटोच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. २८ एप्रिल १८६९ ला एका दिवसात दहा मैल रूळ पडले. रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश मजुरांची नावे नोंदलेली आहेत. ठीकच आहे, त्यांनीही घाम गाळला. पण त्याच दिवशी खपलेल्या चिनी माणसांची नावे नाहीत. पगारपत्रकावर बहुधा मुकादमाचेच नाव, तेही 'आह' अमुक असे अर्धेमुर्धे. आपल्याकडची धोंड्या, कचऱ्या ही नावे आठवा.

१० मे १८६९ ला प्रोमोंटरी इथे दोन्ही मार्ग जुळले, सोन्याचा खिळा ठोकला. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी करणारा कायदा झाला, तो १९४३ पर्यंत टिकला. कामगार खात्याने आपल्या सन्मान दालनात त्यांना जागा दिली ती २०१४ मध्ये. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पुष्कळ शोध घेतला, पण या मजुरांपैकी कोणाच्या हातचे एक पत्रही मिळाले नाही.

ही माणसं पूर्वजांना मानणारी. कॅलिफोर्नियातल्या चिनी देवळांत ग्वानयिनही असे, म्हणजे आपल्या अजिंठ्याच्या भिंतीवरचा अवलोकितेश्वर, चीनमध्ये स्त्रीरूप घेतलेला. आपली हाडे गावच्या मातीत जावीत अशी त्यांची इच्छा असे. १८७० मध्ये सॅक्रॅमेंटोच्या एका वर्तमानपत्राने छापले की, सुमारे बाराशे चिनी माणसांच्या अस्थी घेऊन एक गाडी आली. त्यांनीच टाकलेल्या रुळांवरून. बातमीत वजन दिले होते, वीस हजार पौंड.