सायकल, ट्रक आणि दंडाचे माप
(रत्नागिरीतील कार्यकर्त्यांपुढील भाषण)



मिरकरवाड्याहून मासळीची पाटी कॅरिअरला बांधून रत्नागिरीचे चढ चढणारा सायकलस्वार आणि हातखंब्याकडून महामार्गाने येणारा भरलेला दहाचाकी ट्रक, ही दोन्ही कायद्याच्या भाषेत वाहनेच. १८६० च्या दंड संहितेचे कलम २७९ बेदरकारपणे ‘कोणतेही वाहन’ हाकणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही सांगत असे. १ जुलै २०२४ पासून संहितेचे नाव बदलले, कलमाचा आकडा २८१ झाला. हजार रुपये तेवढे जागच्या जागी राहिले. सायकल आणि स्वार मिळून वजन जेमतेम शंभर किलो. ट्रक पंचवीस टनांच्या पुढचा. असमानांना एकाच मापाने मोजणे याला समता म्हणत नाहीत.

मोटार वाहन कायद्याने हे तत्त्व निदान अर्धे मानले आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अतिवेगासाठी हलक्या मोटारीस १००० ते २००० आणि जड वाहनास २००० ते ४००० रुपये दंड आहे. सायकल या कायद्यात मोटार वाहन नाही. तिला १९५१ च्या पोलीस कायद्याचे रहदारीचे नियम लागतात. (एके काळी गावोगावी दिवा नसलेल्या सायकलीची हवा सोडून शिपाई जागीच निवाडा करीत, मोटारीच्या चाकाला हात लावल्याचे मात्र फारसे कोणाला आठवत नाही.)

पण खरा प्रश्न दंड कोणाला बोचतो हा आहे. आलिशान मोटारीच्या धन्याला दोन हजार म्हणजे एका जेवणाचे बिल. ट्रकचालकाचा तोच अनेक दिवसांचा पगार, आणि माल वेळेत पोचविण्याचा तगादा लावणारा मालक तो दंड पगारातून कापून मोकळा होतो. फिनलंडने १९२१ पासून दंड उत्पन्नाशी जोडला आहे. तेथे नोकिया कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याने पन्नासच्या हद्दीत ताशी पंचाहत्तर किलोमीटर वेगाने मोटरसायकल हाकली; त्याला २००२ साली १,१६,००० युरोंचा दंड झाला.

सायकलस्वाराला सारे माफ, असा याचा अर्थ नव्हे. उलट्या बाजूने, अंधारात, विनादिव्याची सायकल पादचारी म्हातारीला पाडू शकते. तिला पहिल्या वेळी समज द्यावी, पुढे अल्प दंड करावा. मोटारीचा दंड मात्र वजन, वेग आणि उत्पन्न पाहून ठरावा, आणि तगाद्यापायी झालेल्या अतिवेगाचा दंड मालकानेच भरावा. ही मागणी घेऊन कार्यकर्त्यांनी आधी एस.टी. स्थानकावर आणि ट्रकचालकांच्या थांब्यावर जावे, मग परिवहन कार्यालयात.