उंच काचटाकीतील प्रवाळ आणि दिव्याची निवड



आज आम्हांला एका दिव्यासंबंधी बोलावयाचे आहे. दिवा म्हटला की आपण प्रथम वॅट विचारतो. परंतु खाऱ्या पाण्याच्या काचटाकीत प्रवाळ पाळू इच्छिणाऱ्याने वॅटवर विसंबू नये. वॅट हा विजेच्या बिलाचा हिशेब आहे, प्रवाळाच्या जेवणाचा नव्हे. आणि प्रवाळाला उजेड म्हणजे जेवणच. प्रवाळ हा प्राणी खरा, पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाले बिऱ्हाड करून राहतात. ती प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतात. उजेड कमी पडला की मालक उपाशी. फार झाला की तो बिऱ्हाडकरूंनाच बाहेर काढतो, पांढरा पडतो आणि पुष्कळदा मरतो.

नवख्याचा डोळा हमखास उंच टाकीवर जातो. दिवाणखान्यात ती शोभते, हे आम्ही नाकारीत नाही. पण २ फूट उंचीच्या टाकीचा तळ साफ करायला हात घातला की बाही खांद्यापर्यंत भिजते. खरी अडचण मात्र उजेडाची. दिवा पाण्यावर ६ इंचांवर टांगला, तर तळ दिव्यापासून ३० इंच, म्हणजे पृष्ठभागाच्या पाचपट दूर. दिवा ठिपक्याएवढा असेल तर गणिताने तळाला २५ वा हिस्सा पोचतो. दिवा लांबरुंद असतो, काचाही उजेड आत परतवतात, म्हणून प्रत्यक्षात इतकी दैना होत नाही. तरी तफावत मोठी राहतेच. आता तोच दिवा १२ इंचांवर न्या. अंतरे १२ आणि ३६. गणिताने तळाला ९ वा हिस्सा. एकंदर उजेड घटला, पण माडीवर ऊन आणि तळघरात अंधार हा भेद निवळला. म्हणून उंच टाकीला आम्ही जरा अधिक ताकदीचा, उंच टांगलेला आणि तेज कमीजास्त करता येणारा एलईडी दिवा पसंत करू. त्याचे भिंग अरुंद कोनाचे असावे, म्हणजे उजेड बाहेर सांडत नाही. मेटल हॅलाइड दिवेही खोलवर पोचतात, पण ते पाणी तापवतात. आपल्या वैशाखात तसले आणखी एक साधन कोणाला हवे?

उजेड मोजायचा तो प्रवाळ बसणार तेथे, आणि डोळ्याने नव्हे. निळा उजेड आपल्याला मंद भासतो, शैवालांना तर तोच मानवतो. लक्समापक आपल्या डोळ्याच्या मापाने घडवलेला, म्हणून तोही फसवतो. यासाठी पारमापक नावाचे उपकरण मिळते. महाग आहे, पण दोन दिवसांपुरते कोणाकडून मागून आणण्यात कमीपणा नाही. भर दुपारच्या उन्हात त्याचा आकडा २००० च्या घरात जातो. भूछत्रासारख्या मऊ प्रवाळाला ५० च्या आसपास पुरते, चामड्यासारख्या प्रवाळाला १०० च्या आसपास, फांद्यांच्या ॲक्रोपोराला २०० ते ३०० लागते. तळापर्यंत ३०० पोचवण्याचा हट्ट नवख्याने धरू नये, हे आमचे स्पष्ट मत. तळाला भूछत्रे, मधल्या खडकावर चामडी, इतकी वस्ती पहिल्या वर्षाला पुष्कळ झाली.

शिवाय ॲक्रोपोरासारखी सारी दगडी प्रवाळे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली आहेत. आपल्या समुद्रातून ती तोडणे वा विकणे हा गुन्हा आहे. मालवणच्या उथळ पाण्यातही प्रवाळे आहेत; ती तेथेच पाहावीत.

नवे प्रवाळ आणले की दिवा तिसऱ्या हिश्श्यावर ठेवावा आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवावा. रोज ८ ते १० तास पुरेत. वेळ टायमरवर सोपवावी. पाहुणे आले म्हणून मध्यरात्री दिवा लावू नये. प्रवाळ फिकटू लागले तर खाली सरकवावे, देठ ताणून वर धावू लागले तर एक पायरी वर घ्यावे, आणि पुन्हा हलवण्यापूर्वी आठवडाभर त्याला स्वस्थ बसू द्यावे.