ऐकणाऱ्या कानांसाठी सहा मिनिटे

(मदतगारांच्या वार्षिक मेळाव्यात मुलींच्या वसतिगृहातील इंग्रजीच्या शिक्षिकेने केलेले भाषण)



आपल्या देणग्यांतून नंदुरबार जिल्ह्यातले आपले वसतिगृह चालते. तिथल्या मुलींचे जेवण, कपडे, पुस्तके यांविषयी आपण दरवर्षी ऐकता. आज मी त्यांच्या कानांविषयी बोलणार आहे.

आमच्या बहुतेक मुली धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवरून येतात. घरी त्या पावरी किंवा भिली बोलतात. मराठी त्यांची दुसरी भाषा, हिंदी तिसरी, आणि इंग्रजी त्यानंतरची. महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी शिकवायला 2000 साली सुरुवात झाली. म्हणजे दहावी होईपर्यंत मुलीने दहा वर्षे इंग्रजी वाचलेले आणि लिहिलेले असते. निबंध पाठ असतो, व्याकरणाचे मार्क मिळतात. पण सलग पाच मिनिटे बोललेले इंग्रजी तिने क्वचितच ऐकलेले असते.

याची किंमत बारावीनंतर कळते. आपल्या अनेक मुलींना नर्सिंगला जायचे असते. तिथे शिकवणे इंग्रजीतून, आणि शिकवणाऱ्या सिस्टर पुष्कळदा केरळच्या. आमची एक हुशार मुलगी पहिल्या वर्षाच्या दिवाळीला पेटी घेऊनच परत आली. म्हणाली, "बाई, पुस्तक वाचलं तर कळतं. सिस्टर बोलायला लागल्या की सगळे शब्द एकमेकांत मिसळतात. मी परत जाणार नाही."

तिचे म्हणणे खरे होते. कागदावर शब्द सुटे असतात, तोंडातून ते जोडून येतात. 'गिव्ह हिम अ ग्लास ऑफ वॉटर' हे वाक्य भराभर बोलले की 'गिव्हिम् अ ग्लासव वॉटर' असे ऐकू येते. 'हिम'मधला ह जातो, 'ऑफ' जेमतेम उरतो. सगळे शब्द ओळखीचे असूनही मुलीला वाक्य परके वाटते. आणि 'फिफ्टीन' व 'फिफ्टी' यांतला फरक पाहा. पहिल्यात जोर शेवटी पडतो, दुसऱ्यात सुरुवातीला. वर्गात हा फरक चुकला तर एक मार्क जाईल. वॉर्डात औषधाचे प्रमाण ऐकताना चुकला तर रुग्णाच्या जिवावर बेतेल.

कान तयार करायला आम्ही पॉडकास्टचा आधार घेतला. पॉडकास्ट म्हणजे मोबाइलवर उतरवून घेऊन हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा ऐकता येणारा कार्यक्रम. आमच्याकडे डोंगरात रेंज येते-जाते. म्हणून बाजाराच्या दिवशी शहरात गेले की मी भाग उतरवून मेमरी कार्डात घेते. सहा मिनिटांचा भाग साधारण पाच-सहा एमबीचा असतो. मोबाइल माझ्याकडेच राहतो, त्यात सिमकार्ड नाही. आवाज लहान स्पीकरवर लावून सगळ्या मुली एकत्र ऐकतात. हे मुद्दाम सांगते, कारण मोबाइलविषयी पालकांना आणि आपल्यापैकी काहींनाही काळजी वाटते.

आम्ही बीबीसीचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम वापरतो. दोन निवेदक एका विषयावर गप्पा मारतात. सुरुवातीला एक प्रश्न टाकतात आणि उत्तर शेवटी देतात, त्यामुळे मुली शेवटपर्यंत कान देऊन बसतात. सहा नवे शब्द समजावले जातात आणि सगळे बोलणे लिहिलेले विनामूल्य मिळते. ज्यांना तेही जड जाते त्यांच्यासाठी व्हॉइस ऑफ अमेरिकाचे सावकाश वाचलेले कार्यक्रम आहेत. त्या पद्धतीची सुरुवात 1959 साली झाली. सुमारे 1500 शब्द, छोटी वाक्ये आणि नेहमीपेक्षा संथ वाचन, अशी तिची रीत. शिवाय आपल्या देशातले उच्चार कानावर पडावेत म्हणून आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्याही लावतो.

पण नुसते लावून ठेवल्याने काही होत नाही. भांडी घासताना मागे तासभर चाललेल्या आवाजापेक्षा लक्ष देऊन ऐकलेली सहा मिनिटे जास्त शिकवतात. आम्ही एकच भाग आठवडाभर ऐकतो. पहिल्या दिवशी कागद नाही. कोण बोलते आहे आणि कशाविषयी, एवढेच सांगायचे. दुसऱ्या दिवशी ओळखू आलेले शब्द फळ्यावर लिहायचे. तिसऱ्या दिवशी लिहिलेले बोलणे समोर ठेवून ऐकायचे आणि कान जिथे फसला तिथे खूण करायची. चौथ्या दिवशी खुणेची वाक्ये थांबवून थांबवून, निवेदकाच्या चालीवर मोठ्याने म्हणायची. पाचव्या दिवशी पुन्हा कागदाशिवाय ऐकायचे. सोमवारी जो नुसता गलका वाटला, तो शुक्रवारी बोलणे वाटू लागतो. तो आनंद मुलींच्या तोंडावर दिसतो.

त्यांना मी एक आठवण करून देते. पाड्यावरून आलात तेव्हा मराठी कुणी व्याकरणाने शिकवली नव्हती. स्वयंपाकघरात, विहिरीवर, उपासनेत ऐकून ऐकूनच ती आली. कानाने भाषा शिकणे तुम्हांला येते. इंग्रजी शिकायची ती पावरी टाकून द्यायला नव्हे. उद्या दवाखान्यात डॉक्टरांचे इंग्रजी आणि आजारी आजीची पावरी, दोन्ही समजणारी नर्स आपल्या लोकांना हवी आहे.

पवित्र शास्त्रातला बाळ शमुवेल आपल्याला ठाऊक आहे. शिलो येथे त्याला हाक ऐकू आली. तीन वेळा आली आणि तिन्ही वेळा तो धावत एलीकडे गेला. कान चांगले होते, आवाजही स्पष्ट होता, पण हाक कोणाची हे त्याला उमगले नव्हते. म्हाताऱ्या एलीची दृष्टी मंद झाली होती. तरी त्यानेच मुलाला समजावले आणि कसे उत्तर द्यायचे ते सांगून परत पाठवले. मग चौथ्या वेळी शमुवेलाने उत्तर दिले.

मला आपल्याला हेच सांगायचे आहे. यंत्र आवाज देते. पण "पुन्हा ऐक, घाबरू नकोस, हा शब्द असा आहे" असे सांगणारे माणूस शेजारी लागते. विल्यम केरी यांनी 1805 साली मराठीचे व्याकरण छापले आणि 1810 साली मराठी-इंग्रजी कोश. तेही एकट्याने झाले नाही. पंडित वैजनाथ त्यांच्या मदतीला होते.

म्हणून आपल्याकडे दोन मागण्या आहेत. पहिली लहान आहे. घरात पडून असलेला पण चालू स्थितीतला मोबाइल, लहान स्पीकर किंवा मेमरी कार्ड आम्हांला द्या.

दुसरी मोठी आहे. आपल्या मंडळीत नर्स आहेत, बँकेत, रेल्वेत, शाळेत काम करणारे आहेत. आपल्या कामाविषयी सोप्या इंग्रजीत पाच मिनिटे बोला, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि तेच बोलणे कागदावर लिहून सोबत पाठवा. सिस्टर, तुम्ही वॉर्डातली सकाळ सांगा. मॅडम, तुम्ही खाते कसे उघडतात ते सांगा. उच्चार साहेबी नको, आपला नेहमीचाच हवा, कारण मुलींना पुढे तोच ऐकायचा आहे. आणि जमेल त्यांनी सुट्टीत चार दिवस येऊन मुलींच्या शेजारी बसावे.

पेटी घेऊन आलेली ती मुलगी दिवाळीच्या सुट्टीत रोज आमच्यात बसून ऐकत होती. सुट्टी संपली तशी ती परत गेली. सगळे समजते असे ती आजही म्हणत नाही. पण समजले नाही तर हात वर करून "प्लीज से इट अगेन, सिस्टर" म्हणते, आणि ऐकलेले प्रमाण स्वतः पुन्हा म्हणून खात्री करून घेते. चांगल्या नर्सला ही सवय हवीच.

येत्या जूनमध्ये आणखी काही मुली नर्सिंगला अर्ज करतील. त्यांची प्रार्थनेत आठवण ठेवा, आणि आपला आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचू द्या. प्रभु आपल्याला आशीर्वाद देवो. आमेन.