दूध कुठे गेले?



मी सातवीला इंग्रजी शिकवीत असताना एका मुलाने नासलेल्या दुधाविषयी लिहिले, ‘द मिल्क बिकेम बॅड’. मी ‘बिकेम’ खोडून ‘वेंट’ केले. त्याने विचारले, ‘‘बाई, दूध कुठे गेले?’’ वर्ग हसला आणि मी त्यालाच गप्प बसविले. प्रश्न मात्र रास्त होता.

उत्तर त्याच्या मायबोलीतच होते. आपण आजारी पडतो, एकटे पडतो. कोणी कोठून पडलेले नसते. बरे मात्र आपण ‘होतो’. इंग्रजी ‘गो’ची चाल बरीचशी अशीच. विशेषणाशी जोडला की त्याचा कल बहुधा बिघाडाकडे : ‘गो मॅड’, ‘गो ब्लाइंड’. बरे होण्याला ‘गेट वेल’. पण ‘गेट सिक’ही होतेच, तो दोन्ही घरचा पाहुणा. रंगांपाशी ‘गो’ निरुपद्रवी असतो. इंग्रजाचे केस ‘गो ग्रे’, आपले पिकतात. हे मला अधिक गोड वाटते.

येथील पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. भट्टी थंड पडू द्यायची नसते, हे भिलाईच्या मुलाला सांगावे लागत नाही. पण बाहेर ‘बीमार हो गया’ ऐकून आता आमची मुले घरीही ‘आजारी झालो’ म्हणतात. ‘पडणे’च हरवले, तर ‘गो’ कशाच्या आधाराने शिकवावा?

तो विद्यार्थी आज सभागृहात असेल, तर माझे हे उत्तर त्याने उशिराने का होईना, स्वीकारावे.